टक्केवारी (कामातलं कमिशन) रस्त्यातून नेमकी कुठून निघते?

प्रश्न: 30 मिमी बीसीचा (बिटुमिनस काँक्रीट, म्हणजे रस्त्याचा सगळ्यात वरचा डांबर-खडीचा) थर पहिल्याच पावसात उखडला. पैसा गेला कुठे?

उत्तर 1: डांबरात! सगळ्यात महाग तेच. मिश्रणात वजनाने साधारण 5.4 टक्के हवं. 4 वर आणलं की खडीवरचा लेप पातळ होतो, पाणी शिरतं, खडी सुटते. मग जाडी: 30 च्या जागी 22.

उत्तर 2: थंड मालही (डांबर-खडीचं मिश्रण) आहेच. 120 अंशांवर आलेल्या मालावर रोलर कितीही फिरवा, पोकळ्या राहतातच. पुढे खड्डे पडतात, ट्रकचे पाटे तुटतात, फेऱ्या घटतात, भाडं वाढतं. आणि त्याच रस्त्याचं दुसऱ्यांदा टेंडर.

प्रश्नकर्ता: पकडायचं कसं?

उत्तर 1: माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि डांबर-प्रमाण चाचणीचे अहवाल मागा. कोअर (रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना) काढताना हजर राहा, जाडी पट्टीनेच कळते.