सोशल अँग्झायटीवरचा कमी खर्चातला मराठी सिनेमा: पटकथा, आवाज आणि पुण्यातलं शूटिंग

पडद्यामागची (प्रश्न)

८८ पानांची पटकथा तयार आहे. नायक २७ वर्षांचा, नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि घरूनच काम करतो. त्याला सोशल अँग्झायटी आहे, म्हणजे चारचौघांत वावरायची तीव्र भीती. सूर हलकाफुलका ठेवलाय, पण आतून गंभीर. बहिणीचं लग्न तोंडावर आलंय आणि शेवटी तो मांडवात माइक घेऊन भाषण करतो, टाळ्या पडतात, असं लिहिलंय. हा शेवट मलाच पटत नाहीये.

जमवलेले पैसे ६ लाख, शूटिंगचे दिवस १६, कलाकार धरून रोज साधारण १४ माणसं. विचारायचंय ते असं: प्रेक्षक नायकाला हसू नयेत यासाठी लिखाणात नेमकं काय करायचं? त्याच्या डोक्यात जे चाललंय ते व्हॉइसओव्हर न वापरता कसं दाखवायचं? आणि पैसे कॅमेऱ्यात घालू की आवाजात?

मनोमन

शेवटापासून सुरुवात करते. आपल्याकडे नवरीचा भाऊ लग्नात भाषण करत नाही. त्याच्या वाट्याला येते ती कानपिळी. नवरदेवाचा कान धरायचा, भोवती सगळे नातेवाईक, फोटोग्राफर ओरडतोय, "दादा, परत एकदा, इकडे बघून!" जेमतेम अर्ध्या मिनिटाचा विधी, तोंडातून शब्दही काढायचा नाही. तरी तुमच्या नायकाची झोप महिनाभर आधीपासून उडवायला तो पुरेसा आहे. अख्खी पटकथा त्या अर्ध्या मिनिटाकडे जाऊ द्या.

आता हसण्याचं. या त्रासात माणूस लोकांना घाबरतो त्यापेक्षा लोकांना आपण कसे दिसतोय याला घाबरतो, आणि ते लपवायला बारीकसारीक उपाय करत राहतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडलेल्या मॉडेलमध्ये या 'सेफ्टी बिहेवियर'ना मोठं स्थान आहे. गंमत आणि वेदना दोन्ही तिथेच आहेत, कारण बहुतेक उपाय उलटतात. हात थरथरू नये म्हणून तो कप घट्ट धरतो, स्नायू ताठरतात, कप जास्तच हलतो. घाम दिसू नये म्हणून शर्टावर जाकीट चढवतो आणि घामाघूम होतो. पुढचं वाक्य मनात घोळवत बसतो, त्यामुळे समोरचा काय म्हणाला ते ऐकूच येत नाही आणि "हॅपी बर्थडे"ला "सेम टू यू" निघून जातं. बसमध्ये कंडक्टरला हाक मारायला नको म्हणून दोन थांबे पुढे उतरून चालत मागे येतो.

लिहिताना क्रम महत्त्वाचा. आधी त्याचा बेत दाखवा, मग बेत फसताना दाखवा. बेत माहीत नसेल तर प्रेक्षक थरथरणाऱ्या हाताला हसतो. माहीत असेल तर बेत फसल्याला हसतो, आणि तोवर तो नायकाच्या बाजूने बसलेला असतो.

पॅनिक अटॅक शक्यतो घालू नका. छाती धरून भिंतीला टेकणारा नायक पाहून प्रेक्षकाला आजार कळल्यासारखा वाटतो, कळत मात्र नाही. त्यापेक्षा प्रसंगानंतरचे तास दाखवा. रात्री अडीच वाजता तो दुपारचं एक वाक्य पुन्हा पुन्हा उगाळतोय, हे फार नेमकं आहे. घरचे त्याला लाजाळू म्हणतील, "चार लोकांत मिसळायला शीक" म्हणतील, म्हणू द्या. पटकथेने मात्र फरक ओळखावा: डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांत ही भीती साधारण ६ महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकलेली असते आणि तिने शिक्षण, नोकरी, नाती अडवलेली असतात. आणि त्याला माणसं हवी आहेत, हे निदान एका प्रसंगात स्पष्ट दिसलं पाहिजे.

उपचार दाखवणार असाल तर गोळी घेतली आणि सकाळी मोकळा झाला, असं करू नका. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटाच्या औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. क्लार्क-वेल्स मॉडेलवरची वैयक्तिक थेरपी ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार सुमारे ४ महिन्यांत, दीड-दीड तासाच्या १४ सत्रांपर्यंत चालते. तिच्यातला एक भाग तुमच्यासाठी मोलाचा आहे: व्हिडिओ फीडबॅक. माणसाला आधी विचारतात, "तुम्ही कसे दिसला असाल?" तो सांगतो, "हात लटलट कापत होते." मग रेकॉर्डिंग परक्याचं असल्यासारखं बघायला लावतात, आणि बहुतेकदा कापणं जेमतेम दिसतं. तुमच्या सिनेमात लग्नाचा व्हिडिओ आहेच की, नायकाला तो असाच बघू द्या.

खोलीचा आवाज

पैसे आवाजात घाला. १०-बिट (रंगांच्या जास्त छटा) रेकॉर्ड करणारा साधा मिररलेस कॅमेरा पुरेल. साउंड रेकॉर्डिस्ट आणि बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणारा ही मात्र दोन वेगळी माणसं हवीत. वर 'मनोमन' यांनी लिहिलंय ते व्हॉइसओव्हरशिवाय दाखवायची जागाच आवाजात आहे. लक्ष स्वतःकडे वळलं की बाहेरचं जग मागे जातं आणि गिळल्याचा आवाज, श्वास, स्वतःचा सूर मोठे होतात. ते मिक्सिंगमध्ये सहज करता येतं: इतरांच्या बोलण्यातला वरचा पट्टा (तीक्ष्ण सूर) हळूहळू कापा, आजूबाजूचा गोंगाट उतरवा आणि एकच क्षुल्लक आवाज वर काढा, बशीवर चमचा लागल्याचा वगैरे. कानात शिट्टीसारखा 'टिंऽऽ' सूर टाकू नका, तो वापरून वापरून झिजलाय. आणि हे सगळं जमायला मुळात संवाद स्वच्छ हवा. गोंगाटात मिसळलेला संवाद नंतर वेगळा काढताना चिरका होतो.

आवाजाचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट. आवाजाची शिखरं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे अचानक कुणी ओरडलं तरी आवाज फाटत नाही. बूम तोंडापासून दीड-दोन फुटांवर. छातीवर माइक लावणार असाल तर कपडे सुती. नायलॉनची खसखस नंतर जात नाही. फ्रिज आणि पंखा बंद. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, ही जुनी युक्ती आजही कामाची आहे. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून १ मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. तुमच्या सिनेमात शांतता जास्त, तिला हा थर लागणारच.

पेठेत शूटिंग असेल तर दुपारी १ ते ४ ची वेळ सोन्यासारखी, दुकानं मिटलेली असतात. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळचे संवाद ठेवूच नका, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव असतो आणि तो नारायण पेठेत घरात बसूनही ऐकू येतो. विमाननगर, विश्रांतवाडीकडे घर शोधलंत तर लोहगावच्या लढाऊ विमानांचा हिशोब धरा. जुन्या वाड्याचा लाकडी जिना कुरकुरतो. ते तुमच्या नायकासाठी उत्तमच, पण तो आवाज स्वतंत्र रेकॉर्ड करून घ्या, संवादावर पडू देऊ नका.

कॉलशीट

१६ दिवसांत ८८ पानं म्हणजे दिवसाला साडेपाच. एवढ्या युनिटला साडेचार-पावणेपाच झेपतात. ७५ पानांवर या. जागा कमी करा: दोन खोल्या, जिना, एक हॉटेल, बस, मंगल कार्यालय. जागा बदलण्यात गेलेला प्रत्येक अर्धा दिवस रिटेकमधून वजा होतो, आणि विनोदाला रिटेक लागतात. खाण्याचे माणशी ३५० धरले तर १६ दिवसांचे ७८,४०० होतात. हा आकडा आधी बाजूला काढा.

सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करा. २५ वर केलंत तर थिएटरसाठी डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) करताना सिनेमा ४ टक्के मंदावून आवाजाची पट्टी दुरुस्त करत बसावं लागू शकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २४ फ्रेमवरही शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. विनोदी प्रसंग दूरच्या, स्थिर फ्रेममध्ये, शक्यतो न कापता. दारावरची बेल वाजली आणि तो आत श्वास रोखून उभा आहे, तर कुरियरवाला जाईपर्यंत तो शॉट चालू द्या. कापलंत की तो थांबा संकलकाचा होतो, नायकाचा राहत नाही.

कागदपत्रं थोडक्यात. रस्त्यावरच्या शूटिंगसाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. बसच्या आतलं शूटिंग असेल तर पीएमपीची परवानगी वेगळी. सिगारेट दाखवली की तंबाखूविरोधी सूचना आणि स्पॉट जोडावे लागतात, तेव्हा चिंतेत असलेल्या माणसाच्या हातात सिगारेट देऊच नका. कुत्र्या-मांजरालाही प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. हॉटेलात रेडिओवर गाणं वाजत असेल तर बंद करायला सांगा. गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्ही घेणं तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

पडद्यामागची

भाषण काढलं, कानपिळी घेतली. आता अडचण कार्यालयाची. मुहूर्ताच्या दिवसांत कार्यालय मिळत नाही, परवडतही नाही. आणि २०० माणसं कुठून आणू?

कॉलशीट

चातुर्मासात मुहूर्त विरळ असतात, तेव्हा छोट्या कार्यालयांशी एका दिवसाचं बोलणं होऊ शकतं. वर सांगितलेला ढोल-ताशा आणि पत्र्यावरचा पाऊस तिथे चालतील, कारण कानपिळीत संवाद नाही. आवाज मागाहून बांधता येतो. माणसं ४० पुरे. ८५ मिलिमीटरची लेन्स लांबून लावा, लोक एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. पुढच्या दोन रांगा नटवा, मागच्यांना फक्त फेटे आणि साड्यांचे रंग. दर तासाला मागचे लोक जागा बदलून बसवा.

मनोमन

त्या ४० जणांना एक सूचना द्या: कानपिळी चालू असताना निम्म्यांनी नायकाकडे बघूच नये. कुणी पंगतीची चौकशी करतंय, कुणी लहान मुलाला शोधतंय. जवळच्या शॉटमध्ये त्याला वाटतंय सगळे बघतायत. लांबच्या शॉटमध्ये खरं काय ते दिसू दे.

खोलीचा आवाज

आणि लग्नाचा व्हिडिओ त्याच टेकमध्ये घ्या. लग्नाचा व्हिडिओग्राफर म्हणून जो नट उभा असेल त्याच्या हातात खरा, चालू कॅमेरा द्या, आवाज त्याच्याच माइकचा. नंतर वेगळा अभिनय करून घेतलात तर हाताची थरथर दोन्हीकडे जुळणार नाही आणि व्हिडिओ बघण्याचा सगळा प्रसंग खोटा पडेल. फक्त त्या फुटेजवर तारीख-वेळ छापली जाणार नाही एवढं सेटिंग बघा, नाहीतर संकलनात टेक बदलता येणार नाहीत.