फँटसीले इतके पोटप्रकार कायले पाहिजेत?

पऱ्हाटीवाला:
राजेहो, वाद घरातलाच हाय. पुतण्या बारावीत, वर्ध्याले राहते, दिवाळीत आला तं वेचणीले बाया भेटेना म्हून आमी दोघंच वावरात. त्याच्या कानात वायर. काय ऐकतं बे इचारलं तं म्हणे काका, पोर्टल फँटसी. मंग दोन तास वेचून होईपर्यंत हाय फँटसी, लो फँटसी, अर्बन, ग्रिमडार्क, हार्ड मॅजिक, सॉफ्ट मॅजिक, म्हटलं बावा, आपल्या सातबाऱ्यावर एवढे पोटहिस्से नाईत! माह्यं म्हणणं सरळ हाय, जादूची गोष्ट म्हंजे जादूची गोष्ट. सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर लिहिला, त्यात वेताळ हाय, विद्याधर हाय, उडनारे लोक हाय, त्यानं लावले का लेबलं? हे सगळे विकाचे धंदे.

कपाट नंबर ४:
भाऊ, मी तालुक्याच्या लायब्ररीत बसते, मला विचारा. आमच्या रजिस्टरात प्रकाराच्या खान्यात सगळीकडे एकच शब्द, कादंबरी. आठवीतल्या एका पोरानं जादूचं पुस्तक मागितलं, मी कव्हरवर तलवार न ड्रॅगन बघून दिलं काढून. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, पुस्तक पदराखाली झाकून, म्हणे ताई यात मुंडकी कापणं न काय काय आहे, हे लेकराला दिलं तुम्ही? ते ग्रिमडार्क, म्हणजे काळोखी न रक्तबंबाळ फँटसी होतं, हे मला तेव्हा कुठं माहीत. तेव्हापासून मी एकच बघते, जादू राहते कुठं. जगच वेगळं रचलंय, त्याचे नकाशे भाषा सगळं वेगळं, तर हाय फँटसी (हाय म्हणजे भारी दर्जाची असं नाही हं). आपल्याच जगात, आपल्याच गावात एखादी अजब गोष्ट घुसली तर लो. शहरात घुसली तर अर्बन. इथलं माणूस दारातून, आरशातून तिकडं गेलं तर पोर्टल. आणि तेवढ्यानंही भागत नाही, टोल्कीन या इंग्रज लेखकाचं १९३७ चं हॉबिट लेकरांसाठी, आणि १९५४-५५ मधे त्याच जगावर तीन खंड आले ते मोठ्यांना पण दमवतात. जग एकच, वजन वेगळं.

पऱ्हाटीवाला:
हे तं मानलं ताई. पण मंग हार्ड न सॉफ्ट काय भानगड हाय?

कपाट नंबर ४:
जादूला नियम किती, एवढंच. वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं की अमुक केलं की अमुक होते न त्याची किंमत तमुक, ती हार्ड. कशी होते कोणी सांगतच नाही, ती सॉफ्ट.

तिलिस्मी:
मग चंद्रकांता कुठं टाकाल? १८८८ ची हिंदी कादंबरी, देवकीनंदन खत्रींची. त्यातल्या ऐयाराच्या, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेराच्या बटव्यात मंतर नसते, बेहोशीची पूड असते न वेश बदलायचं सामान. तिलिस्म, म्हणजे खजिन्याभोवतीचा मायावी भुलभुलैया, पण बरंचसं कळा-पेचांवर चालते. जादू वाटते पण जादू नाही. घ्या, तुमचं रजिस्टर इथं अडकलं. आणि मराठीत अद्भुतरम्य हा चांगला शब्द होता, १८६१ ची मुक्तामाला कादंबरी त्यातलीच, तो टाकून फँटसी कायले?

लोणारवाला:
मला वेगळंच खटकतं. आमच्या इथं सरोवर आहे, त्याचा खड्डा जवळपास १.८ किमी रुंद, बेसाल्टात उल्का आदळून झालेला. आजी सांगायची विष्णूनं लवणासुराला मारलं ती जागा. दैत्यसूदनाच्या मंदिरात ती हात जोडायची. आता तिची गोष्ट फँटसी का? नाही. सांगणारा न ऐकणारा दोघंही जाणतात की हे रचलेलं आहे, न तरी रमतात, तेव्हा फँटसी.

वऱ्हाडी वाघ:
देवाधर्माले फँटसी म्हणाले लाज वाटत नाई का???

लोणारवाला:
भाऊ, वाचा ना नीट, मी नाही म्हणूनच सांगून राहिलो.

पऱ्हाटीवाला:
थांब ना बे वाघा. पण लोणारवाले, उद्या कोनी लवणासुरावर कादंबरी लिहिली तं? त्यात थो बिचारा हाय, खारं पानी त्याच्या रडण्याचं हाय?

लोणारवाला:
तर फँटसी. असुर तोच, करार बदलला.

तिलिस्मी:
म्हंजे प्रकार पुस्तकात नाई, वाचणाऱ्यात हाय. मग कपाटताईंचं रजिस्टर गेलं वाऱ्यावर.

कपाट नंबर ४:
वाऱ्यावर कायले जाईल. तुम्ही बसा वाद घालत, माझ्यासमोर तेरा वर्षांचं पोरगं उभं असते, त्याला आत्ता पुस्तक द्यायचं असते. मी पेन्सिलीनं एक खाना वाढवला, "जादू कुठं", न बाजूला "रक्त किती".

पऱ्हाटीवाला:
दुसरा खाना झकास! बरं ताई, आमच्या पांदनीतल्या पिंपळावर मुंजा हाय म्हणतात, थो कोनत्या खान्यात?

लोणारवाला:
मी सांगतो. रात्री ओलित करून येतांनी तुम्ही त्या पिंपळाखालून येता का?

पऱ्हाटीवाला:
नाई बा. बांधानं फिरून येतो.

लोणारवाला:
मग थे फँटसी नाई, भाऊ.