मदत हवी आहे: खेळांसाठी हाताला सुखकर आणि टिकाऊ माउस कसा निवडावा?

नमस्कार. माझ्याकडील माउसचे डावे बटण गेल्या महिनाभरापासून एकदा दाबले तरी दोनदा दाबल्यासारखे वागू लागले आहे. फाइल उघडताना त्याने फारसे बिघडत नाही. पण डावपेचांच्या खेळात चौकट ओढून तीस-चाळीस सैनिक निवडावेत आणि ती चौकट मध्येच तुटून निवड विस्कटावी, किंवा नेमबाजीच्या खेळात बटण दाबून धरलेले असतानाही गोळीबार क्षणभर थांबावा, हे मात्र सहन होत नाही. याआधीचा माउसही साधारण तीन वर्षांनी याच दुखण्याने गेला होता. म्हणून या वेळी घाई न करता जाणकारांना विचारून मगच नवा घ्यावा असे ठरवले आहे.

दुसरी तक्रार हाताची आहे. तासभर खेळल्यानंतर मनगटाच्या करंगळीकडील बाजूला दुखू लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते जाणवत राहते. माझा पंजा लहान आहे. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७.५ सेंटीमीटर, आणि अंगठा सोडून रुंदी ८ सेंटीमीटर भरते. सध्याचा माउस मात्र १२.७ सेंटीमीटर लांब आणि १२० ग्रॅम वजनाचा आहे. तो घेताना खोक्यावर ठळकपणे छापलेला १६,००० डीपीआय (माउस एक इंच सरकला की किती टप्पे मोजतो, ते सांगणारे माप) हा आकडा पाहून मी भाळले होते, हे प्रांजळपणे कबूल करते. त्या आकड्याच्या दहाव्या भागापलीकडे मी कधी गेलेली नाही.

माहिती अपुरी राहू नये म्हणून वापराचे स्वरूपही सांगते. दिवसा सात-आठ तास याच टेबलावर काम असते आणि रात्री एक-दोन तास खेळ, त्यातही काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा खेळ अधिक. मी उजव्या हाताने खेळते, तळहाताचा मागचा भाग माउसवर टेकलेला असतो आणि बोटे किंचित वाकलेली असतात. माउस १६०० डीपीआयवर आणि खेळातील संवेदनशीलता २ वर ठेवलेली आहे. अंगठ्याजवळची दोन बटणे मला पुरेशी आहेत, रंगीत दिव्यांची हौस नाही.

एवढ्या लहान हाताला कोणता आकार मानवेल आणि तो न वापरता कसा ओळखावा, हे मला समजून घ्यायचे आहे. प्रकाशावर चालणाऱ्या बटणांमुळे दुहेरी क्लिकचा दोष खरोखर टळतो की ती केवळ जाहिरात आहे, आणि वायरलेस माउसवर खेळासाठी भरवसा ठेवावा का, याविषयीही अनुभवी मंडळींनी लिहावे. हात उभा राहतो अशा माउसची शिफारसही काहींनी केली आहे, पण त्याने नेम साधेल का, अशी शंका वाटते.

प्रतिसाद १

तुम्ही मापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण अशा प्रश्नांत बहुतेक जण सगळे सांगतात आणि हाताचे माप तेवढे विसरतात. सेन्सरची, म्हणजे माउसची हालचाल टिपणाऱ्या भागाची, चिंता आता मनातून काढून टाकावी. नावाजलेल्या उत्पादकांच्या खेळासाठीच्या माउसमध्ये गेली काही वर्षे जे सेन्सर बसवले जातात, ते माणसाच्या हाताच्या वेगाला सहज पुरे पडतात. खेळणारे बहुतेक लोक ४०० ते १६०० डीपीआयच्या दरम्यानच राहतात, त्यामुळे २५,००० किंवा ३०,००० हा आकडा निवडीचा निकष होऊ शकत नाही.

निकष आहे तो आकार. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या सुमारे ६० टक्के असावी असा एक ठोकताळा खेळाडूंमध्ये प्रचलित आहे. तुमच्या बाबतीत तो साडेदहा सेंटीमीटर सांगतो. हा ठोकताळा बोटे वाकवून धरणाऱ्यांना अधिक लागू पडतो. पूर्ण तळहात टेकवणाऱ्यांना याहून एक-दीड सेंटीमीटर लांब माउसही चालतो. तुमची पकड दोहोंच्या मधली असल्यामुळे ११ ते १२ सेंटीमीटर या मर्यादेत शोध घ्यावा. १२.७ सेंटीमीटरचा माउस तुमच्या हातात मोठाच पडणार. बटणाच्या टोकापर्यंत पोहोचण्यासाठी बोटे ताणली जातात, तळहात पुढे सरकतो आणि करंगळीला टेकायला जागा न उरल्यामुळे ती पॅडवर घासत राहते. असे होते का, ते आज खेळताना जरूर पाहावे.

लांबीइतकेच महत्त्व पाठीवरच्या उंचवट्याला आहे. तो मागच्या बाजूला असेल तर वाकलेल्या बोटांना मोकळीक मिळते, आणि मध्यावर असेल तर तळहात भरून आल्यासारखा वाटतो. एकाच लांबीचे दोन माउस हातात अगदी वेगळे का वाटतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. न वापरता अंदाज घ्यायचा असेल तर उत्पादकाने दिलेली लांबी, रुंदी आणि उंची घेऊन मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा त्या मापाचा करावा आणि पाच मिनिटे हातात धरून बसावे. हे हास्यास्पद वाटेल, पण मी दोनदा केले आहे आणि एका चुकीच्या खरेदीतून त्यामुळे वाचलो आहे.

उदाहरणेच द्यायची तर रेझर कंपनीचा व्हायपर मिनी ११.८ सेंटीमीटर लांब आणि ६१ ग्रॅम वजनाचा आहे, दोन्ही हातांना चालणाऱ्या सममित आकाराचा आहे आणि त्याची मुख्य बटणे प्रकाशावर चालतात. तो २०२० साली आला असल्यामुळे नवा मिळाला नाही तरी मापांच्या तुलनेसाठी उपयोगी पडेल. उजव्या हातासाठी कललेला आकार हवा असेल तर झोवी कंपनीची ईसी मालिका पाहावी, कारण तिथे एकच आकार तीन मापांत मिळतो आणि ईसी-३ हे त्यातले सर्वांत लहान माप आहे. लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट वजनाला ६३ ग्रॅमच्या आत असला तरी लांबीला साडेबारा सेंटीमीटर आहे. त्याच्या कीर्तीला भुलून तो घेऊ नये.

प्रतिसाद २

मी स्वतःचे आणि मित्रांचे माउस उघडून दुरुस्त करत असतो, म्हणून बटणाच्या दोषावर थोडे सविस्तर लिहितो. नेहमीच्या बटणाखालच्या स्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पत्ती असते. बटण दाबले की ती खालच्या टोकावर आपटते आणि स्थिर होण्याआधी काही क्षण थरथरते. ही थरथर म्हणजे वेगळे क्लिक नव्हेत हे माउसला कळावे यासाठी त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये काही मिलिसेकंद थांबण्याची सोय केलेली असते. कालांतराने पत्तीचा ताण ढिला पडतो, स्पर्शबिंदूवर काजळी आणि गंज साचतो, थरथर त्या मुदतीपेक्षा लांबते आणि मग एका दाबाचे दोन क्लिक होतात. माउसमधून वाहणारा विद्युतप्रवाह इतका अल्प असतो की स्पर्शबिंदूवरचा मळ जाळून साफ करण्याचे कामही त्याच्याकडून होत नाही.

खोक्यावर लिहिलेल्या दोन कोटी क्लिकचा हिशोब करून पाहा. दिवसाला १०,००० क्लिक धरले तरी ते २,००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे, पुरायला हवेत. तुमचे दोन्ही माउस तीनच वर्षांत गेले, कारण तो आकडा पत्ती तुटेपर्यंतच्या आयुष्याविषयी बरेच सांगतो, पण काजळीविषयी फारसे सांगत नाही. पाच कोटी किंवा आठ कोटी लिहिलेले असले तरी हीच गोष्ट लक्षात ठेवावी.

प्रकाशावर चालणाऱ्या स्विचमध्ये धातूला धातूचा स्पर्श होऊन संकेत निर्माण होत नाही. बटण दाबल्यावर आतल्या पडद्याची जागा बदलते, त्यासरशी अवरक्त किरणाची वाट मोकळी होते किंवा अडते, आणि तेवढ्यावरून क्लिक ओळखला जातो. त्यामुळे तुमच्या तक्रारीतला नेमका दोष तिथे उद्भवण्याचे कारणच नाहीसे होते, आणि ही निव्वळ जाहिरात नव्हे. दाबण्याचा स्पर्श मात्र वेगळा लागतो, काहींना तो पोकळ वाटतो. शिवाय बाजूची बटणे आणि मधले चाक बहुधा जुन्याच पद्धतीचे असतात. चाकाखालच्या यांत्रिक एन्कोडरमध्ये, म्हणजे चाकाचे फिरणे मोजणाऱ्या भागात, धूळ गेली की खाली फिरवताना पान अधूनमधून वर उडते. टिकाऊपणाची चौकशी करताना लोक हा भाग हमखास विसरतात.

तोवर तात्पुरता उपाय म्हणून उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची वेळ, म्हणजे थरथर टाळण्यासाठी थांबण्याची वर सांगितलेली मुदत, वाढवता येते का ते पाहावे. सर्वच माउसना ही सोय नसते, पण असेल तर ती काही मिलिसेकंदांनी वाढवल्यास काही महिने निभावतात. सोल्डरिंग येत असेल तर तीन पायांचा नवा स्विच बसवणे अवघड नाही. स्क्रू मात्र बऱ्याचदा खालच्या घसरपट्ट्यांखाली दडलेले असतात आणि त्या पट्ट्या एकदा उपटल्या की पुन्हा नीट चिकटत नाहीत. नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

प्रतिसाद ३

उभा माउस मी कामासाठी वर्षभर वापरला. तळहात जमिनीकडे पालथा करावा लागत नाही, त्यामुळे कोपराखालच्या भागाला निश्चित आराम मिळतो. पण जलद नेम धरताना माउस उचलून पुन्हा ठेवणे त्यात त्रासाचे होते आणि क्लिकच्या दाबाने तो बाजूला सरकतो. कामाला उभा आणि खेळाला साधा असे दोन ठेवावेत, हे माझे मत.

प्रतिसाद ४

मनगटाविषयी वरच्या मंडळींनी एक महत्त्वाची गोष्ट सोडली आहे, आणि ती तुमच्याच मजकुरात आहे. १६०० डीपीआय आणि संवेदनशीलता २ म्हणजे काउंटर-स्ट्राइकमध्ये पूर्ण गोल फिरण्यासाठी माउस जेमतेम १३ सेंटीमीटर सरकवावा लागतो. एवढे कमी अंतर असले की हात हलतच नाही. मनगट टेबलाला खिळलेले राहते आणि प्रत्येक वळण ते डावी-उजवीकडे मोडून घेतले जाते. करंगळीच्या बाजूचे दुखणे त्या मोडण्याशी जुळते. ८०० डीपीआय आणि संवेदनशीलता १ ठेवली तर तेच अंतर सुमारे ५२ सेंटीमीटर होते आणि कोपरापासून हात हलवल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. एकदम तिथवर जाऊ नका. ८०० आणि १.५ पासून, म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटरपासून, सुरुवात करा. त्यासाठी पॅड मोठा लागेल. पहिला आठवडा नेम इतका चुकेल की जुन्या मापाकडे परतावेसे वाटेल. विंडोजमधील ‘पॉइंटरची अचूकता वाढवा’ या अर्थाचा पर्यायही बंद करावा, कारण त्यामुळे हाताच्या वेगाप्रमाणे कर्सरचे अंतर बदलत राहते आणि हाताला सवय लागत नाही.

टेबलाची उंची कोपर काटकोनात राहील इतकी असावी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला, किंवा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर तो मज्जातंतूवरील दाबाचा प्रकार असू शकतो. तेव्हा माउसची चर्चा थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

वायरलेसबद्दल थोडक्यात. स्वतंत्र डोंगलवर (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणारे २.४ गिगाहर्ट्झचे चांगले माउस सेकंदाला १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा, आपली जागा कळवतात आणि वायरच्या माउसपेक्षा मागे पडल्याचे हाताला जाणवत नाही. ब्लूटूथवर मात्र खेळू नये. डोंगल संगणकाच्या मागे यूएसबी ३.० च्या खोबणीत लावल्यास तिथल्या गोंगाटामुळे संकेत तुटू शकतो, म्हणून सोबतच्या वायरने तो माउसजवळ आणून ठेवावा. ८,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा जागा कळवणाऱ्या माउसच्या, मोहात पडू नये. हा फरक पाऊण-एक मिलिसेकंदाचा आहे आणि बॅटरी मात्र झपाट्याने उतरते. टिकाऊपणालाच प्राधान्य असेल तर मऊ वेणीदार वायरचा माउस घ्यावा. बॅटरी म्हातारी होते. वायर तुटली तर बदलता येते.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी सांगितलेले करून पाहावे असे वाटले. करंगळी खरोखरच पॅडवर घासत होती. पॅडच्या त्या कोपऱ्यात कापड गुळगुळीत झालेले आहे, ते इतके दिवस माझ्या ध्यानात आले नव्हते. संवेदनशीलता ८०० आणि १.५ वर आणली, पहिले आठ दिवस संघातल्या सोबत्यांची बोलणी खाल्ली, आणि त्यानंतर मनगटाचे दुखणे निम्म्याहून कमी झाले. म्हणजे माझ्या तक्रारीतला मोठा भाग नवा माउस न घेताच मिटला, याचे थोडे हसूही येते. डिबाउन्सची सोय माझ्या माउसमध्ये नाही, त्यामुळे बटणाचे दुखणे कायम आहे आणि नवा घ्यावा लागेलच.

मातीचे दोन गोळे करून पाहिले. एक ११.८ सेंटीमीटरचा सममित आणि दुसरा उजव्या बाजूला उतरता, थोडा रुंद. दुसऱ्यावर हात टेकला की अंगठ्याला आणि करंगळीला आपोआप जागा मिळते. पण उचलून पुन्हा ठेवताना पहिलाच बोटांत नीट सापडतो, आणि संवेदनशीलता कमी केल्यापासून उचलणे वाढले आहे, त्यामुळे सध्या कल पहिल्याकडे आहे. वायरचाच घेणार, एवढे नक्की ठरले.

आता एकाच बाबतीत मदत हवी आहे. प्रकाशावर चालणाऱ्या बटणांचा लहान माउस ज्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ रोज वापरला आहे, त्यांनी मधल्या चाकाचा अनुभव कृपया लिहावा. काउंटर-स्ट्राइकमध्ये मी उडी चाकावर ठेवलेली आहे, त्यामुळे ते दिवसातून शेकडो वेळा फिरते, आणि बटणे टिकून चाकच आधी गेले तर पुन्हा याच धाग्यावर यावे लागेल.