मदत हवी आहे: चॉक्टॉ फ्रीडमेनच्या नोंदी कशा शोधायच्या?

नमस्कार मंडळी, जावई ओक्लाहोमाचे, कृष्णवर्णीय. घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात, की त्यांच्यात चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचं रक्तही आहे. आता लेकीने वंशावळ काढायला घेतलीय आणि आम्ही दोघी अडकलोय.

१८३० च्या तहानंतर चॉक्टॉंना मिसिसिपीतून आजच्या ओक्लाहोमात हाकललं, तेव्हा त्यांच्यातल्या सधन लोकांनी आपले गुलामही सोबत नेले. १८६६ च्या तहाने ते गुलाम सुटले (त्यांनाच 'फ्रीडमेन' म्हणतात), पण चॉक्टॉंचं नागरिकत्व मिळायला १८८० चं दशक उजाडलं. पुढे जमातीची जमीन वाटण्यासाठी अमेरिकी सरकारने नेमलेल्या डॉज (Dawes) आयोगाने वेगवेगळ्या याद्या केल्या, त्यांतल्या दोन म्हणजे 'रक्ताने चॉक्टॉ' आणि 'फ्रीडमेन'. बाप चॉक्टॉ असला तरी आई फ्रीडमेन, तर मूल बहुधा फ्रीडमेनच्याच यादीत! जमीनही त्यांना ४० एकरच.

जावयांच्या एका पूर्वज बाईंचं फ्रीडमेन कार्ड सापडलंय. त्यावर वय आहे, पोस्टाचं गाव आहे, 'कोणाची गुलाम' या रकान्यात मालकाचं नावही आहे. चॉक्टॉ पूर्वजाचा मात्र पत्ता नाही.

कार्डामागची अर्जाची फाईल, म्हणजे साक्षी-जबान्या, कुठे बघायला मिळते? मालकाच्या आडनावावरून 'रक्ताच्या' यादीत शोधणं कितपत भरवशाचं? अमेरिकेत असं काम कुणी केलं असेल तर कृपया सांगा.