आईच्या कोविड बूस्टरबाबत सल्ला हवा आहे

सर्वांना नमस्कार. माझी आई ७७ वर्षांची असून देवगडजवळच्या आमच्या गावी राहते. तिला मधुमेह आहे आणि गेल्या पावसाळ्यात खोकल्याने तिने जवळजवळ महिनाभर अंथरूण धरले होते. २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रा आणि २०२२ मध्ये साठीपुढच्या सर्वांना खबरदारीची मात्रा खुली झाल्यावर तिसरी, एवढेच तिचे लसीकरण झाले आहे.

माझी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिथे २०२५ मध्ये ७५ वर्षांपुढील व्यक्तींना सरकारी खर्चाने मोसमी बूस्टर दिला गेला, म्हणून आईनेही तो घ्यावा असा तिचा आग्रह आहे. लसीमुळे संसर्गापासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांत ओसरते, गंभीर आजारापासूनचे मात्र अधिक टिकते, हे मी जाणतो. पण इतक्या वर्षांनंतर आणि मधुमेह असताना त्यावर किती विसंबावे, हे मला ठरवता येत नाही. आई तर रक्ताच्या गुठळ्यांच्या बातम्या ऐकल्यापासून बिथरली आहे. तो दुष्परिणाम अत्यंत विरळ असून बहुतेक वेळा पहिल्या मात्रेनंतर दिसला होता, असे समजावूनही ‘आता कशाला पुन्हा?’ हेच तिचे उत्तर असते (आणि तिच्याशी वाद घालून आमच्या घरात अजून कोणी जिंकलेले नाही).

सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत अलीकडे कोणी आपल्या वडीलधाऱ्यांना ही मात्रा दिली आहे का? कोणती लस मिळाली आणि त्यासाठी कोल्हापूर किंवा गोव्यापर्यंत जावे लागले का? तूर्तास पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस तरी द्यावी, असा माझा विचार आहे. डॉक्टरांना भेटण्यापूर्वी त्यांना नेमके काय विचारावे, हेही कृपया सुचवावे.