आयोवातले चर्चवाले शेजारी: तत्त्व पाहतात की निवडून येणारा माणूस?

मिलिंद_डीमॉइन
नमस्कार. आयोवात येऊन बरीच वर्षं झाली, पण एक गोष्ट अजून उलगडत नाही. आमचे शेजारी पक्के बॅप्टिस्ट. घरात दारूचा थेंब नाही, प्रार्थनेशिवाय घास नाही. जानेवारी २०२४च्या कॉकसमध्ये (पक्षाचा उमेदवार ठरवायला गावोगाव होणारी रिपब्लिकन सभा) मत मात्र ट्रम्पला. इथल्या चर्चवाल्यांत वजन असलेले बॉब व्हँडर प्लाट्स आणि गव्हर्नर किम रेनल्ड्स दोघंही फ्लोरिडाचे गव्हर्नर डीसँटिस यांच्या मागे होते. तरी ट्रम्पला ५१ टक्के, डीसँटिसला २१. तीन लग्नं केलेला माणूस या लोकांना चालतो कसा? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय.

नगरची_लेक
मी त्यांच्यातलीच, म्हणून लिहिते. आमचं घराणं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. इथे बॅप्टिस्ट चर्चला जाते. गर्भपाताला माझा विरोध आहे. त्यावर इथे वाद नको, तो धागा वेगळा काढा.

हा पेच ट्रम्पने आणलेला नाही. २००७ साली रिपब्लिकनांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या तिकिटासाठी माइक हकबी उभा होता, दीक्षा घेतलेला बॅप्टिस्ट पाळक. आणि आमचे पुढारी? टीव्हीवरचे धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन गेले न्यूयॉर्कचा माजी महापौर जुलियानी याच्याकडे. तो गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा, लग्नं त्याचीही तीन. पण दहशतवादाशी लढणारा हवा, असं रॉबर्टसन यांचं म्हणणं. कट्टर ख्रिस्ती विद्यापीठवाले बॉब जोन्स तिसरे गेले रॉम्नीकडे, तो तर मॉर्मन, म्हणजे आमच्याहून वेगळ्या पंथाचा. गर्भपातविरोधकांची सगळ्यात मोठी संघटना नट आणि माजी सिनेटर फ्रेड थॉम्पसनकडे. घरचं लग्न सोडून सगळे शेजारच्या पंगतीला! जुलियानी उभा राहिला तर मी मत देणार नाही, असं उघड सांगणारे रेडिओवरचे ख्रिस्ती पुढारी जेम्स डॉब्सन एखादेच.

जानेवारी २००८च्या कॉकसला आम्ही शाळेच्या जिममध्ये बसून भाषणं ऐकली आणि कोऱ्या चिठ्ठीवर हकबीचं नाव लिहिलं. आयोवा त्याने जिंकलं, ३४ विरुद्ध रॉम्नी २५. पुढे साउथ कॅरोलिनात सिनेटर मॅकेन ३३, हकबी ३०, आणि थॉम्पसनने १६ टक्के खाल्ले. ती बरीचशी आमच्याच लोकांची असणार, असं मला आजही वाटतं. जुलियानीला एकही राज्य मिळालं नाही. ‘निवडून येणारा’ म्हणून तिकीट मिळालेला मॅकेन नोव्हेंबरात पडला. २०१२मध्ये गर्भपाताचा कट्टर विरोधक सँटोरमने आयोवा ३४ मतांनी जिंकलं (टक्के नव्हे, मतं!), तिकीट रॉम्नीला मिळालं, तोही पडला. आणि २०१६मध्ये जो येणारच नाही म्हणत होते, तो ट्रम्प आला.

त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्कालिया वारले, तिथे जागा रिकामी झाली, आणि ट्रम्पने नेमायच्या न्यायाधीशांची नावंच जाहीर केली. तिथे आमचं मोजमाप बदललं. माणूस कसा आहे हे विचारायचं थांबलं, यादी कशी आहे ते विचारू लागले. पुढे तीन न्यायाधीश नेमले गेले, २४ जून २०२२ला गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा निकाल गेला. तुमचे शेजारी म्हणतील, झाडाची पारख फळावरून करा, शास्त्रातच लिहिलंय.

पण २०२४च्या जानेवारीचं काय? डीसँटिसने फ्लोरिडात सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली होती. तसाच कायदा रेनल्ड्सबाईंनी आयोवात केला. ट्रम्पने डीसँटिसच्या त्या सहीला भयंकर चूक म्हटलं, तरी आमच्या लोकांनी त्यालाच निवडलं. मग जुलैत रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यातून गर्भपातावर देशभर बंदीची मागणी गेली. जाणारच. मत कुठे जाणार हे ठाऊक असलं की तुम्हाला विचारतो कोण?

गणिताचा_मास्तर
ताई, दुसरी बाजूही बघा. २०१२मध्ये सिनेटसाठी रिपब्लिकनांनी मिसुरीत टॉड एकिन, इंडियानात रिचर्ड मरडॉक उभे केले. दोघे तुमच्यासारखेच तत्त्वाचे पक्के. मरडॉकने ३६ वर्षं सिनेटर राहिलेल्या लूगर यांना प्राथमिक फेरीत घरी बसवलं, आणि दोन्ही जागा डेमोक्रॅट घेऊन गेले. सिनेट हातची गेली तर न्यायाधीश मंजूर कोण करणार?

नगरची_लेक
मास्तर, एकिन आणि मरडॉक बलात्काराबद्दल जे बोलले त्याने पडले. त्याच निवडणुकीच्या दिवशी, त्याच इंडियानात माइक पेन्स गव्हर्नर झाला; गर्भपाताबद्दल तोही तितकाच कडवा. आता तुमचं गणित उलटं लावा. २०२२ला जॉर्जियात सिनेटसाठी हर्शल वॉकरला उभं केलं, कारण फुटबॉलमुळे घराघरांत नाव. गर्भपाताला पैसे दिल्याचा आरोप झाला, त्याने नाकारला, तरी आमचे पुढारी त्याच्यामागे राहिले. डिसेंबरच्या निर्णायक दुसऱ्या फेरीत पडला. तिथलाच ब्रायन केम्प, सहा आठवड्यांच्या कायद्यावर सही करणारा, आरामात गव्हर्नर. म्हणजे नावावर घेतलेला गेला आणि कामावर उभा राहिलेला आला.

मिलिंद_डीमॉइन
हे नीट कळलं. मग नोव्हेंबरात तुम्ही काय केलंत? सांगायचं नसेल तर राहू द्या.

नगरची_लेक
सांगते की. राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यात छापील नावं सोडून हाताने दुसरंच नाव लिहिलं, खाली बाकी सगळे रिपब्लिकन. आमच्या ह्यांनी ट्रम्पला दिलं. म्हणाले, तू मत फुकट घालवलंस. मी म्हटलं, आयोवा तो तसाही जिंकणारच आहे, माझं नाही मिळालं एवढं तरी त्यांना मोजू दे. तुमच्या शेजाऱ्यांना विचारायचं तर जानेवारीतल्या चिठ्ठीबद्दल विचारा. नोव्हेंबरचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.