पाचशे रुपयांची की आणि विनॅम्प

भाऊ, पाचशे रुपयांत विंडोजची की, म्हणजे ते ॲक्टिव्हेट करायचा कोड, घ्यावी का, असं विचारलंत. मी घेतली होती. लगेच ॲक्टिव्हेट झाली, मी खूश. चार महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा तीच 'ॲक्टिव्हेट विंडोज'ची फिकट ओळ, आणि विकणारा तोवर गायब! अशा कीज पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या, म्हणजे तिच्या अनेक कॉम्प्युटरांसाठी एकत्र घेतलेल्या परवान्यातल्या असतात. एकच की अनेकांना विकतात. ती बंद झाली की सगळेच लटकतात. तुमच्या लॅपटॉपसोबत विंडोज ८ किंवा १० आलं असेल तर की बहुधा मदरबोर्डमध्येच असते. आधी ते बघा.

व्हिडिओसाठी तर पैसेच नका घालवू, व्हीएलसी प्लेयर फुकट आहे.

पण गाणी वाजवणाऱ्या त्या जुन्या विनॅम्पचं नाव काढलंत आणि २००४ची मे महिन्याची दुपार आठवली. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणलेली एमपी३ची सीडी, त्यात दीडशेक गाणी, खिडकीत कूलर, ओल्या वाळ्याचा वास. डायल-अपच्या संथ इंटरनेटवरून विनॅम्पची एकेक स्किन, म्हणजे नवं रूप, उतरवायची न् दिवसातून चारदा बदलायची. गाणी कमी ऐकली, स्किन्स जास्त पाहिल्या. एन्कार्टा हा कॉम्प्युटरवरचा ज्ञानकोशही होता, २००९मध्ये मायक्रोसॉफ्टनं बंद केला. गंमत म्हणजे या सगळ्यांत अधिकृत एकच होतं, सीडी लिहायचं नेरो. तेही सीडी रायटरच्या खोक्यात आलेलं, म्हणून!

परवा विनॅम्प ५.६६६ पुन्हा टाकलं. चालतं की! इक्वलायझर कितीही हलवा, कूलरपुढे काही ऐकू येत नाही, तेही तसंच.